सुजेचा हक्क

मी झाडांना फसवायच्या कामावर आहे. बार्शीच्या बाहेर, परांडा रोडला, निर्गुडीच्या शेडांची लांबलचक रांग आहे, तिथं. प्रत्येक झाडाच्या देठाला चिमट्यानं एक चकती लावलेली असते आणि ती थरथरत असते. पान कुरतडणारी अळी जी थरथर देठातून पाठवते, तीच थरथर कुणीतरी टिपून त्या चकतीत भरलीय. आम्ही बायका चकतीला किडा म्हणतो. किडे लावायचे, वरच्या फांदीवर सरकवायचे, मेलेले बदलायचे, हे माझं काम.

यामागचं शास्त्र अवघड नाही. निर्गुडी आमच्याकडं बांधावर, ओढ्याकाठी आपली आपण उगवते. तिला कुणी पाणी घालत नाही आणि शेळीही सहसा तोंड लावत नाही. त्याचं कारण तिच्या पानात आहे. झाडाला पळता येत नाही. अळी चढली, ऊन पेटलं, की ते बसल्या जागी पानात कडू द्रव्यं तयार करतं. ही द्रव्यं माणसाच्या अंगात गेली की दोन कामं करतात. आपल्या पेशी प्राणवायू वापरतात तेव्हा चुलीतून उडाव्यात तशा ठिणग्या उडतात, त्या ठिणग्या ही द्रव्यं विझवतात. आणि सांध्याला सूज आणणारे जे निरोप अंगातून फिरत असतात, त्यांना वाटेतच अडवतात. आमच्या आज्या तव्यावर पाला गरम करून गुडघ्याला बांधायच्या, तो याच्यासाठी.

मग कुणाच्यातरी लक्षात आलं, की खरी अळी लागतच नाही. नुसती थरथर दिली तरी झाड घाबरतं. जन्मभर घाबरलेल्या झाडाचं पान बांधावरच्या पानापेक्षा कितीतरी पटीनं कडक निघतं. फक्त झाड काही खुळं नसतं. काही दिवसांनी त्याला कळतं, की ही बोंब खोटी आहे, आणि ते पानं गोड करायला लागतं. म्हणून आम्ही मधूनमधून खऱ्या अळ्या सोडतो. झाडाला शहाणपण येतं. माणसांचं आता सांगते.

त्या पानांच्या अर्काची सुखपट्टी निघाली. हाताच्या पंज्याएवढी हिरवी चिकटपट्टी. सांध्यावर लावली, की कातडीतून हळूहळू आत मुरत राहते.

मी पट्टीला शिव्या घालणार आहे. पण त्याआधी माझ्या सासूबद्दल सांगायलाच पाहिजे, नाहीतर ते खोटं होईल. शालन तिचं नाव. मी तिला आत्या म्हणते. संधिवातानं तिची बोटं इतकी आखडली होती, की चहाची कपबशी मी तोंडाला लावायची. पट्टी लावायला लागल्यापासून आत्या स्वतःची वेणी स्वतः घालायला लागली. भाकरी थापायला लागली. पहिली भाकरी तव्यावर टाकली त्या दिवशी ती आख्ख्या गल्लीला ताट दाखवून आली. त्या दिवशी मला शेडातल्या प्रत्येक झाडाच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

आता बाजार समिती.

माझा नवरा लखन तिथं हमाल आहे. धान्याचं पोतं पाठीवर घ्यायचं, फळीवरून चालत जायचं आणि ट्रकमध्ये थप्पी लावायची. एवढी यंत्रं निघाली तरी हे काम माणसाकडंच राहिलं, कारण यंत्र ठेवण्यापेक्षा माणूस स्वस्त पडतो. कुणी दुसरं काही सांगितलं तर ऐकू नका. हमाल एकेकटा काम करत नाही, टोळीत करतो. दिवसभराची मजुरी टोळीत सारखी वाटली जाते. त्यामुळं एकजण सावकाश चालला, की बाकीच्यांचं पोट कापलं जातं. मालकाला ओरडावं लागत नाही. टोळीच ओरडते. लखनच्या टोळीचा मुकादम माझा सख्खा थोरला भाऊ, बालाजीदादा.

याच दादानं तरुणपणी बाजार समितीच्या दारात उपोषण केलं होतं. त्या लढ्यात हमालांनी एक गोष्ट मिळवली. फाटकावर एक कॅमेरा बसला. तो अंगातली उष्णता बघतो. सांधा सुजला, की तिथं रक्त धावतं, तो गरम होतो आणि पडद्यावर लाल दिसतो. लाल दिसला, की सूज उतरेपर्यंत भरपगारी सुट्टी आणि उपचाराचा खर्च हमाल मंडळाचा. लोक त्याला सुजेचा हक्क म्हणायचे. सुरुवातीला रोज कुणी ना कुणी लाल निघायचं आणि व्यापाऱ्यांची तोंडं त्याहून लाल व्हायची.

मग व्यापाऱ्यांनी डोकं लढवलं. त्यांनी हमालांना सुखपट्टी फुकट वाटायला सुरुवात केली. सक्ती नाही, काही नाही. हारतुरे घालून कार्यक्रम केला, जिलेबी दिली. दादानं पहिली पट्टी स्वतःच्या गुडघ्याला लावून टाळ्या घेतल्या. त्यानंतर फाटकावर कधी कुणी लाल दिसलं नाही. हक्क कुणी काढून घेतला नाही. तो तसाच भिंतीवर फ्रेम करून टांगलेला आहे. फक्त कुणाला सूजच येत नाही.

लखन फळीवरून पडला तो पोतं जड झालं म्हणून नव्हे. गुडघा मध्येच निघून गेला.

"निघून गेला म्हणजे?" दवाखान्यात डॉक्टर बागवान मॅडमनी विचारलं.

"म्हणजे होता आणि नव्हता," लखन म्हणाला. "दुखलं-बिखलं काय नाय. घरातलं माणूस न सांगता बाहेर जावं तसं."

मॅडमनी आतला फोटो पडद्यावर लावला. दोन हाडांच्या मधली गादी असते, ती जागोजागी उडाली होती. हाडं बांधून ठेवणारा एक दोर पिंजला होता. लखन अजून चाळिशीचाही नाही.

"सूज म्हणजे आजार नाही हो," मॅडम म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या, पण आमच्यावर नाही. "सूज म्हणजे बोंब. इथं मोडलंय, वजन टाकू नका, अशी. आणि त्या बोंबेबरोबर दुरुस्ती करणाऱ्या पेशी येतात, रक्त येतं, पाणी येतं. तुमच्या पट्टीनं बोंब बंद केली आणि दुरुस्ती करणाऱ्यांनाही घरी पाठवलं. ठिणग्यांचंही तेच. फार उडाल्या तर जाळतात, पण थोड्या उडाल्या तर स्नायूला सांगतात, की ताण पडलाय, जाड हो. तुम्ही त्याही सगळ्या विझवल्या."

"पण माझ्या सासूला गुण आला," मी म्हणाले.

"येणारच. तिचं अंग विनाकारण बोंबलतंय. यांच्या अंगाला बोंबलायला कारण होतं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुमची आजी पाला बांधून काय करायची?"

"पडून राहायची. दोन-दोन दिवस उठायची नाही."

"मग? पडून राहणं हे अर्धं औषध होतं. यांनी पानातलं सगळं घेतलं आणि पडून राहणं तेवढं टाकून दिलं. चाचण्या घरी बसलेल्या पेशंटवर केल्या आणि पट्टी वाटली ओझं उचलणाऱ्यांना."

मला शेडातले किडे आठवले. माझ्या हाताला त्या पानांचा वास येत होता, तो दवाखान्यातही येत होता.

शस्त्रक्रिया करावी लागणार होती, नंतर सहा महिने आराम. मंडळानं खर्च दिला तरच शक्य होतं. आणि मंडळ कधी देणार? फाटकावर गुडघा लाल दिसला तर. तोही टोळीबरोबर कामावर जाताना. घरी बसलेल्याची सूज धरत नाहीत. डॉक्टरांचा फोटो चालत नाही. मी मंडळाच्या ऑफिसात जाऊन तो फोटो टेबलावर ठेवला, तर तिथला माणूस म्हणाला, "ही वयानं झालेली झीज असेल. सूज कुठंय?" गुडघा आतून संपलाय आणि हा विचारतो सूज कुठंय!

तेव्हा लखननं पट्टी काढली. औषध अंगातून उतरायला काही दिवस लागणार होते. तोवर त्याच गुडघ्यावर पोती वाहायची होती.

तिसऱ्या दिवसापासून ठणका सुरू झाला. लखन कामावरून यायचा तो भिंतीला धरून. गुडघा कवठासारखा झाला. आणि मी, त्याची बायको, रोज तो गुडघा बघून म्हणायचे, बरं झालं, वाढतेय. काय वेळ आणली बघा माणसावर.

त्या आठवड्यात दादा घरी आला. चपला न काढता दारातच उभा राहिला.

"भागे, दाजीला पट्टी लावायला सांग. पोरं बोलायलीत मला."

"काय बोलतायत?"

"मुकादमाचा दाजी हाय म्हणून लंगडत चालतो आन् वाटणी पुरी घेतो, असं. आमच्या दोन खेपा होत्यात तवर ह्याची एक होत नाय."

"दादा, त्यांचा गुडघा आतून गेलाय. मॅडमनी दाखवलाय."

"मग आमचा का नाय गेला? आमी काय कापूस उचलतो व्हय?"

"तुमचाही गेला असंल. कळायला काही ठेवलंय का?"

"आली का! आता आमाला बी लंगडं करून सोड तू." तो लखनकडं वळला. "दाजी, ही शेडात कामाला, पट्टी हिच्याच हातची. आन् हीच तुमाला पट्टी काढा म्हनती. जरा इचार करा."

आत्या भाकरी थापत होती, ती तिथूनच म्हणाली, "बालाजी, उपाशी बसला हुतास तवा तुजी आई माज्या गळ्यात पडून रडली हुती. कशापायी बसला हुतास रं? जिलेबीसाठी?"

"मावशी, तवा दुखायचं. आता दुखत नाय. ज्यासाठी भांडलो ते मिळालं की!"

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. कारण तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

लखनचा गुडघा लाल दिसला त्या सकाळी मी फाटकावर होते. शेडात सांगून उशिरा जाणार होते. टोळी ओळीनं कॅमेऱ्यासमोरून जात होती, पडद्यावर हिरवी, हिरवी, हिरवी. लखन उभा राहिला आणि पडद्यावर त्याचा डावा गुडघा निखाऱ्यासारखा पेटला. घंटा वाजली. ती घंटा वाजते हेच तिथल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं.

फाटकावरचा कारकून अथर्व नावाचा नवा मुलगा. त्यानं आयुष्यात लाल बघितलं नव्हतं. त्यानं यंत्राला एक चापट मारली.

"थांबा हं काका. मशीन बिघडलंय."

"मशीनला काय झालं नाही," मी म्हणाले. "गुडघा बघा की. डोळ्यांनी बघा."

"मॅडम, डोळ्यांनी बघून नोंद करता येत नाही."

त्यानं दुरुस्तीवाल्याला बोलावलं. दुरुस्तीवाल्यानं आधी स्वतःचा गुडघा कॅमेऱ्याला दाखवला. हिरवा. टोळीचे दाखवले. सगळे हिरवे. मग त्यानं जे सांगितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो म्हणाला, "बाकी सगळे हिरवे आणि एकच लाल, म्हणजे दोष या एकाच रीडिंगमध्ये आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. शिकलेल्यांनी आणि न शिकलेल्यांनीही. लखनची नोंद झाली नाही.

मी टोळीकडं वळले. "तुमच्यातल्या एकानं चार दिवस पट्टी काढा. एकानंच. आणि मग उभं राहा इथं. यंत्र बरं आहे की बिघडलंय ते लगेच कळंल."

एकानं खिशातून तंबाखू काढली. दुसरा हातातला हूक पुसायला लागला. दादा माझ्याकडं न बघता म्हणाला, "चला रं, गाडी लागलीय."

त्या दिवशी मी शेडात गेले आणि एका ओळीचे सगळे किडे काढून हातात घेतले. वाटलं, हे बंद करून टाकावेत. झाडं निवांत होतील, पानं फिकी पडतील, पट्ट्या लटक्या होतील, आणि मग गावातले सगळे गुडघे एकदम बोंबलतील. पण त्या पट्ट्या काय फक्त फाटकावर जातात? त्या आत्यासारख्या हजार म्हाताऱ्यांच्या बोटांवर जातात. मी किडे पुन्हा लावले. लावताना रडले, आणि रडल्याचा मला आणखी राग आला.

घरी येऊन सगळं सांगितलं. आत्यानं ऐकून घेतलं. मग मनगटावरची पट्टी नखानं उचकटली. मग दुसऱ्या मनगटावरची. मग गुडघ्यांवरच्या.

"आत्या, काय करताय?"

"त्यांना दुसरं लाल पायजे ना? मी देते."

"तुम्ही नको. तुमचं वेगळं आहे. तुमच्यासाठीच आहे हे औषध."

"आई, नको गं," लखन म्हणाला.

"गप बसा दोघं बी. टोळीतलं येक बी मानूस फुडं येईना, मग कोन येनार? तुजा दुरुस्तीवाला?"

मला वाटलं होतं, दोन दिवसांत थांबेल. ती थांबली नाही. बोटं फुगली, मग आखडली. वेणी मी घालायला लागले. कपबशी पुन्हा माझ्या हातात आली. पाचव्या दिवशी ती चहाचा घोट घेताना म्हणाली, "भागे, साखर कमी टाकतीस तू. बरी असताना बोलले नाय." मी हसले आणि माझ्या हातातून बशी सांडली.

रिक्षातून तिला फाटकावर उतरवायला दोन माणसं लागली. अथर्व धावत आला.

"आजी, हे फक्त नोंदणीकृत कामगारांसाठी आहे."

"मग इचार तुज्या मशीनला मी कोन हाय ते. बाजूला हो."

ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. दोन्ही मनगटं, दोन्ही गुडघे, बोटांचा एकेक सांधा. पडदा लाल झाला. घंटा वाजायला लागली ती थांबेना. टोळी मागं उभी होती. लखन आत्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला, त्याचा गुडघाही लाल.

"आता काय म्हनतंय रं तुजं यंतर?" आत्या म्हणाली. "दोगांचं बी बिघडलं का? का मी घरनंच इस्तू बांधून आले?"

अथर्वनं तिच्या हातांकडं बघितलं. पडद्याकडं नाही, हातांकडं. माझ्या अंदाजानं त्यानं पहिल्यांदाच तसं बघितलं असेल. मग त्यानं बटण दाबलं आणि लखनची सूज मंजूर झाली.

शस्त्रक्रिया झाली. लखन आता कुबडी घेऊन अंगणात फिरतो. गुडघा रोज थोडा सुजतो, मॅडम म्हणतात चांगलं आहे, सुजू दे. आत्यानं पट्ट्या पुन्हा लावल्या. ठणका गेला, पण उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली ती वाकडीच राहिली. मॅडम म्हणाल्या, आता सरळ होणार नाहीत. भाकरी थापताना ती दोन बोटं वर उचलून थापते. भाकरी एका बाजूला जाड होते. कुणी काही बोलत नाही, आम्ही जाड बाजू वाटून खातो.

आणि बाजार समितीनं काय केलं? सगळ्यांच्या फोनवर निरोप आला. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी यापुढं पट्टी लावल्याशिवाय फाटकातून प्रवेश मिळणार नाही. आधी नव्हती ती सक्ती आमच्यामुळं झाली. ठरावाला टोळ्यांची संमती घेतली होती, हात वर करून. दादाच्या टोळीनंही हात वर केले.

परवा दादा लखनला बघायला आला. केळी घेऊन आला होता. आत्याच्या पाया पडला, लखनशी हसून बोलला. भांडण झालंच नव्हतं असं. नवी पट्टी आणखी कडक आलीय म्हणाला, सकाळी लावली की संध्याकाळी कळतसुद्धा नाही आपण काय उचललं ते.

निघताना तो आमच्या ओट्याच्या पायऱ्या उतरायला लागला आणि मी बघितलं, तो आडवा उतरत होता. खेकड्यासारखा, एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा. त्याला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

"दादा, थांब. बस इथं."

"काय गं?"

"बस म्हणते ना."

तो पायरीवर बसला. मी त्याची विजार गुडघ्यावर सरकवली. वर पट्टी होती, हिरवी, कोरी, कदाचित माझ्याच ओळीतल्या पानांची. गुडघा कसा छान दिसत होता. सूज नाही, लाली नाही. मी वाटीच्या खाली अंगठा रोवला. आत ओली वाळू चाळावी तसं करकरलं. माझ्या बोटांना ते कळत होतं.

"दुखतंय?"

"नाय."

मी जोर केला. हाडावर हाड सरकल्यासारखं काहीतरी हललं.

"आता?"

"अगं, गुदगुल्या व्हायल्यात." तो हसायला लागला. "सोड, लोक बघायलेत."

लखननं अंगणातून तोंड फिरवलं. मी दुसरा अंगठा पण लावला आणि सगळ्या अंगाचा भार टाकला. माझी नखं पांढरी पडली.

"दादा, ओरड ना रे."

"कशाला ओरडू, भागे? कायच व्हईना तर!" तो हसतच होता.

मी आणखी दाबलं.